ह्यांच्या वाट्याचं देशाचं कर्ज

चि. शेखर,

मंगळवारी सकाळी पाणी भरलं, दूध तापवलं आणि जुना पेपर अंथरून मेथी निवडायला बसले. (आशीर्वाद लिहायचा राहिला, तो आधी घे. मोहिनीलाही दे. तू खुशाली कळवत नाहीस, म्हणजे मंडपाचा धंदा बरा चालला असणार.) मी शाळेत तिसरीपर्यंतच गेले, पुढचं सगळं मेथीखाली वाचलं, हे तुला माहीतच आहे. त्या दिवशी मेथीखाली असं निघालं, की देशावरचं कर्ज वाटून दिलं तर माणशी लाखाच्या वर येतं. काल जन्मलेल्या बाळालाही. मी जुडी खालीच ठेवली.

तुला ह्यांचा दहावा आठवतो ना? रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा दीड तास तारेवर बसून राहिला. गुरुजी म्हणाले, जीव कशाततरी अडकलाय, वचनं द्या. मी म्हटलं, तुमचा रेडिओ मोडीत घालणार नाही. शेजारच्या बंटीने टीव्हीचा आवाज बारीक ठेवायचं कबूल केलं. तू पुढे होऊन म्हणालास, ताईला अंतर देणार नाही, तर कावळा उठून वरच्या तारेवर गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवावा लागला. वर्षभर माझ्या जिवाला तेच लागून होतं. सायकलमध्ये हवा भरली तरी पैसे हातावर ठेवून निघणारा माणूस, त्याचं काय अडकावं? आता कळलं. लाखाच्या वर अडकलं होतं!

सोमवारी वर्षश्राद्ध. त्याआधी निदान एक हप्ता जावा, म्हणून बुधवारी अकराशे रुपये, ह्यांचा मृत्यूचा दाखला आणि तो पेपर घेऊन मी कराच्या ऑफिसात गेले. तीन खिडक्या फिरले. (एकीत माणूस नव्हता, नुसता डबा होता.) शेवटी हर्षाली नावाच्या मुलीने बसायला खुर्ची दिली.

"मावशी, असं नाही हो भरता येत. आणि काका रोज भरतच होते की. साबण घेतला, त्यात कर गेला. बिस्किटं घेतली, त्यात गेला."

मी विचारलं, बँक बुडायला लागली की सरकार पैसे ओततं, तेही आमच्या साबणातलेच का? ती म्हणाली, तसंच समजा. आणि मोठ्या लोकांनी बुडवलेलं? ते म्हणे वहीतून काढून टाकतात, पण माफ करत नाहीत. मग वसूल होतं का, असं विचारल्यावर तिने उठून माझ्यासाठी पंखा वाढवला.

"मग आमच्या ह्यांचंही काढ की वहीतून."

"काका लहान होते, मावशी. लहानांचं निघत नाही."

तरी घरी येताना मला हलकं वाटलं. ह्यांना दिवसातून दोनदा आंघोळ लागायची, आणि साबण असा फासायचे की वडी आठवड्यात संपायची. म्हणजे चाळीस वर्षं हप्ते वेळेवर गेले. मग कावळ्याला हवं होतं काय, याचा विचार करत मी उरलेली मेथी निवडली.

तुझी,
ताई

ता. क. मेथी संपता संपता आठवलं. तुझा धंदा बुडत होता, तेव्हा ह्यांनी तुला चाळीस हजार दिले होते. (महिनाभर मी भाजीला तेल नुसतं दाखवत होते.) तू माणूस लहान, पण बुडवलेस मोठ्यांसारखे. सोमवारी सकाळी आठला रामकुंडावर ये. पैसे आणलेस तर उत्तमच. नाहीतर कावळ्यासमोर नुसतं तोंडाने कबूल कर, की वहीतून काढलेत, माफ झालेले नाहीत.

ता. क. दुसरं. निघताना हर्षाली म्हणाली होती, की कर्ज रोज वाढतंच आहे. हे गेल्यापासून घरात माझाच साबण येतो. म्हणजे ह्यांच्या बाजूने वर्षभर काही गेलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाण्याकडे गेले आणि दोन साबण आणले. एक माझा, एक ह्यांचा.