वळचणीच्या पट्ट्या

प्रिय खारू,

पंपघरात बसून लिहितोय. सकाळची पाळी आहे. दोन्ही पंप चालू आहेत आणि टेबल थरथरतंय, म्हणून अक्षर असं आलंय. दीड वर्षात मी तुला फोन केला नाही, तूही मला केला नाहीस. तू तुझ्या वहिनीला करतोस, ती मला सांगते, मी नुसतं हं म्हणतो. चार दिवस झाले, फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो. पहिलं वाक्यच सापडत नाही. पत्राचं बरं असतं. आपल्या गावच्या शाळेत गुरुजींनी पत्राचा मायना घोटून घेतला होता, त्यामुळे पहिल्या ओळीपर्यंत तरी माणूस न अडखळता पोचतो. पुढचं जमेल तसं लिहितो. थकलोय, तेव्हा कुठे काही तिरकं लागलं तर सांभाळून घे.

आधी तुझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. गॅरेजचं छत करून दीड वर्ष झालं. मी केलं. तू सगळ्या जगाची छतं करतोस आणि आपल्या घरातलं छत पंप चालवणाऱ्या माणसाने केलं, हे ऐकून हसशील. हस. आई जिन्यात पडली तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आपल्या खोल्या अठरा पायऱ्या वर, आणि जमिनीला लागून आपलं म्हणावं असं फक्त बाजूचं गॅरेज. दवाखान्यातून आणलं ते थेट तिथेच. जुनी गाडी बाहेर काढली, फरशीवरचं तेल वहिनीने तीनदा घासलं, पलंग आणून टाकला. पुढे छत लावायला घेतलं तेव्हाच तुझा फोन आला होता. तू म्हणालास, “गाडी ठेवायच्या जागी आई ठेवलीस.” आणि मी म्हणालो, “लोकांची छतं करत फिरतोस, एकदा येऊन बघ तुझ्या आईच्या डोक्यावर काय आहे.” दोघंही एकेकच वाक्य बोललो. पण बाबांच्या मुलांची वाक्यं ती, ठोकली की निघत नाहीत.

खरं सांगायचं तर आणलं तेव्हा तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं. उघडे वासे, त्यांच्यावर पत्रा, मधून लोंबणाऱ्या वायरी. पाठीवर पडून राहिलेल्या माणसाला भिंती दिसत नाहीत, खिडकी दिसत नाही, दिसतं ते छत. हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. वाऱ्याने पत्रा हलला की वाशांवरची धूळ थेट तिच्या डोळ्यांत. आम्ही वर चादर बांधली, तर तिच्यात किडे साठायला लागले. मग वासे बघत उभा असताना वरती आडव्या ठेवलेल्या पट्ट्या दिसल्या. आठवतंय, बारा वर्षांपूर्वी आपण दोघांनी घराच्या वळचणीखाली त्या प्लास्टिकच्या सोफिट पट्ट्या लावल्या होत्या, चिमण्या पत्र्यात शिरू नयेत म्हणून? त्यातल्या नऊ उरल्या होत्या. तू म्हणाला होतास, राहू दे, कधीतरी लागतील. बारा आणखी आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “वळचणीचं सामान घरात? उद्या कौलं जमिनीवर अंथराल.” मी म्हटलं, हलकं आहे, ओल धरत नाही, रंग लागत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतं, आणि घासताना पेशंटच्या नाकात भुकटी जात नाही. त्याने पट्ट्या मोजून दिल्या. हे सगळं मी तुझ्याकडूनच ऐकलेलं होतं, पण तुझं नाव काही घेतलं नाही.

वाशांना आडव्या लाकडी रिपा ठोकल्या, दीड दीड फुटावर. भिंतीच्या कडेने सगळीकडे ती खाचेची पट्टी लावली. मग मागच्या भिंतीपासून दाराकडे एकेक पट्टी. दोन्ही टोकं खाचेत सरकवायची, कड आधीच्या पट्टीत अडकवायची, टक् असा आवाज आला की खिळे. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला वहिनी. तिचे हात भरून आले की झाडूच्या दांड्याला आडवी फळी ठोकून केलेला टेकू लावायचो. ती म्हणाली, “संसार पेलला, आता छत पेलतेय, मग आभाळ तेवढं राहील.” आई पलंगावरून हुकूम सोडत होती. पलंग आम्ही आज इकडे, उद्या तिकडे सरकवत होतो आणि ती पडल्या पडल्या सांगायची, “डावीकडे बोटभर खाली आलंय रे.” मी पाणसळ लावून बघायचो. खाली आलेलंच असायचं. जुन्या नऊ पट्ट्या पडून पडून सायीच्या रंगाच्या झाल्या होत्या, त्या तिच्या उशाकडे आल्या. नव्या बारा पांढऱ्या, दाराकडे. रंगांचा सांधा डोळ्यात भरतो. तू असतास तर एक आड एक लावल्या असत्यास. मला ते सगळं संपल्यावर सुचलं.

आणि सातवी पट्टी फुगली. तीच गोष्ट सांगायची होती. तू मला शिकवलं होतंस की हा माल उन्हात वाढतो, थंडीत आखडतो. म्हणून पट्टी पाव इंच तोकडी कापायची, खिळा कडेच्या त्या लांबट भोकाच्या मधोमध मारायचा आणि डोकं जरा वर ठेवायचं. पट्टी टांगायची, जखडायची नाही. सहा पट्ट्या मी तशाच लावल्या. सातवी लावली त्या दिवशी सकाळी तुझा तो फोन आला. बाबा म्हणायचे ना, खिळ्याचं डोकं वर दिसलं की समजावं, काम करणाऱ्याचं चित्त जेवणात होतं. त्या दिवशी मला तुझं शिकवलेलं नको होतं, बाबांचं पाहिजे होतं. तिचे सातही खिळे डोक्यापर्यंत ठोकले, लाकडात शिरेस्तोवर. वहिनी म्हणाली, “त्याचा राग त्या बिचारीवर कशाला काढता?” मी ऐकलं नाही. आठवीपासून परत शहाण्यासारखं केलं. उन्हाळ्यात पत्रा तापला, बाकी सगळ्या पट्ट्यांनी गुपचूप सरकून घेतलं आणि सातवी मधोमध पोट काढून खाली आली. आता ती काढायची तर दारापासून एकेक करत चौदा पट्ट्या उतरवाव्या लागतात. मधलीच अशी ओढून निघत नाही. मी काढायला निघालो होतो. आई म्हणाली, “राहू दे. ती खारूची.”

तेव्हा आम्हाला कळलं की तिने पट्ट्या वाटून टाकल्या आहेत. रोज सकाळी वहिनीने तोंड पुसलं की ती मागच्या भिंतीपासून सुरू करते. एका पट्टीला एक माणूस, आणि त्याचं भलं कर एवढंच मागणं. पहिली देवाची. मी विचारलं, देवाचं भलं तू कोणाकडे मागतेस? म्हणाली, “सगळे त्याच्याकडे मागायला जातात, त्याला कोणी विचारतं का?” दुसरी बाबांची, तिसरी तिच्या आईची, मग मावशी, मग आपल्याआधी झालेलं ते दहा दिवसांचं बाळ, त्याला नाव नव्हतं म्हणून ती नुसती ‘पाहुणा’ म्हणते. सहावी गुरुजींची, तू नापास होऊनही तुला वर घातलं म्हणून. सातवी तुझी, कारण सरळ बसत नाही. आठवी माझी. पुढे वहिनी, पोरं, शेजारी, नर्सबाई, अगदी तिला दवाखान्यातून आणणारा गाडीवालासुद्धा. एकवीस माणसं. मी रोज देवापुढे हात जोडतो, पण मागायचा कंटाळा आलाय रे, नुसता उभा राहतो आणि कामाला निघतो. आईचं मात्र एकवीस जणांसाठी मागून संपलं तरी बळ उरायचं. गॅरेजात ठेवली म्हणालास ना, त्या गॅरेजात तिने अख्खं गाव बोलावून घेतलं होतं.

गेल्या पावसाळ्यापासून ती विसरायला लागली. तुला हे ठाऊक नाही. तू विचारतोस तेव्हा वहिनी ‘बऱ्या आहेत’ म्हणते, ते माझ्या सांगण्यावरून. मी तिला म्हटलं होतं, ज्याला यायचं असेल तो न सांगता येईल. वहिनीला ते पटलं नव्हतं, ती आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. माझी चूक होती. लिहून देतो, पाहिजे तर हा कागद जपून ठेव. विसरणं दाराकडून आत येतंय. आधी गाडीवाला गेला. मग समोरच्या घरातले. त्या पट्ट्यांपाशी आली की ती थांबायची, ओठ हलायचे, आणि नजर आल्यापावली मागे फिरायची. अगदी ओळीने नाही. नर्सबाई रोज येते म्हणून तिची पट्टी बरीच टिकली, पोरांची आधी गेली. धाकटीने ते मनाला लावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, अलीकडचं आधी जातं, जुनं शेवटी. भांडू नका, दुरुस्त करू नका. दिवाळखोर दुकानासारखं एकेक फळी रिकामी होताना बघत बसायचं, दुसरं काय. महिन्याभरापूर्वी वहिनीची गेली. तिचे हात धरून जेवते, तिच्याशिवाय कोणाला केसांना हात लावू देत नाही, पण नववीपाशी आली की गप्प. वहिनी मोरीत जाऊन तोंड धुऊन आली आणि म्हणाली, “बरं झालं, माझ्या वाटचं मागणं वाचलं.”

तुझी पट्टी मात्र एकदाही चुकली नाही. तिथे ती थोडी हसते. “खारूचं पोट सुटलंय,” म्हणते, “खाऊन घे म्हणावं, पण शिडीवर जपून.” मला आधी त्याचा राग यायचा, लपवत नाही. उचलायला मी, बसवायला मी, आणि हसू त्या फुगलेल्या पट्टीला. मग विचार केला, ती फुगवली पण मीच ना. सरळ बसली असती तर कदाचित एव्हाना इतरांसारखीच नजरेआड झाली असती.

गेल्या गुरुवारी पाळीवरून आलो, तिला पेज भरवत होतो. तिने सकाळचं मागणं तेव्हाच काढलं; हल्ली वेळेचं भान उरलेलं नाही तिला. देव, बाबा, आजी, मावशी, पाहुणा, गुरुजी, तू. आठवीवर आली. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, “अहो, इथे एक जण होता. कोण होता हो?” मला अहो म्हणाली, खारू. मी म्हटलं, होता एक, येईल परत. ती म्हणाली, “त्याचं भलं होवो. फार दमलेला असायचा.” आणि तोंड उघडलं पुढच्या घासासाठी. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. माझं मागणं तिने नावाशिवायसुद्धा मागितलं, मला तेवढं पुरतं. पण विसरणं आता आठवीपर्यंत आत आलंय, आणि पुढची पट्टी तुझी. म्हणून हे पत्र. मिळालं की निघ. हत्यारांची पेटी आणू नकोस, ती पट्टी आता कोणी सरळ करायची नाही. दार नुसतं लोटलेलं असतं. आत आलास की माझ्याशी बोलायला थांबू नकोस, सरळ तिच्या उशाशी जा आणि पट्टीखाली उभा राहा, म्हणजे वर बघता बघता तिला तू दिसशील.

तुझाच,
दादा