दोनशे बारा स्थळं आणि एक अपग्रेड

३ फेब्रुवारी, सोमवार, स. ११
चौसाळ्यात येऊन दीड महिना. त्याआधी लातूर, पुणे, मध्ये तीन आठवडे हैदराबाद. टॅलेंटची कदर कुठंच नाही. इथं बंकटरावांनी ओळखलं. त्यांच्या वधू-वर केंद्राची वेबसाइट माझ्या ताब्यात. २१२ स्थळं. सर्व्हर लई जुना. आज अपग्रेड. दहा मिनिटांचं काम.

दु. ४
अपग्रेड झालं. फक्त मराठीच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतायत. किरकोळ.

४ फेब्रुवारी
बीडच्या सत्यमला फोन. कॉम्प्युटर क्लासला सोबत होता, आता नोकरीत. म्हणाला, डेटा शाबूत हाय बे, सर्व्हर तो चुकीचा वाचायलाय. सेटिंगमध्ये एक ओळ टाक, डेटाला हात लावू नको. नोकरीवाले भित्रेच. मी डेटाच कन्व्हर्ट करणार. बॅकअप पेन ड्राइव्हवर आहेच.

सायं. ६
शेजारच्या आप्पाच्या ट्रॅक्टरचा नवा साउंड बघायला गेलतो. पेन ड्राइव्हवर त्याला गाणी भरून दिली. जागा पुरेना, जुन्या फाइली उडवल्या.

५ फेब्रुवारी
कन्व्हर्ट केलं. टोप्या गेल्या. आता सगळीकडं प्रश्नचिन्हं. निदान एकसारखं दिसतंय.
बॅकअप आठवला. पेन ड्राइव्ह परत आणला. १४० गाणी.

६ फेब्रुवारी
बंकटरावांना म्हणालो, सर्व्हरचा प्रॉब्लेम. ते म्हणाले, फोन नंबर तर दिसायलेत न, एकेकाला विचार अन् भर. नऊ फोन लावले. एका बाईनं पोराच्या पगारवाढीवर पाऊण तास खाल्ला. नावं फोटोच्या फाइलींवरनं काढली, बाकीचं अंदाजानं. वैवाहिक स्थितीत सगळ्यांना ‘प्रथम विवाह’. ऐकायला शुभ वाटतं. कुणाचं काय बिघडतंय?

७ फेब्रुवारी
तेलगावच्या मंजुषाताईंचं स्थळ दोन वर्षं पडून होतं. मी भरलं आणि चोवीस तासांत चकलांब्याहून मागणी. मुलगा बँकेत. याला म्हणतात रिझल्ट.

९ फेब्रुवारी, रविवार
बंकटरावांसोबत तेलगावला. पाहुणे चौदा. पोहे उत्तम. तेवढ्यात आतून पाचेक वर्षांची पोरगी आली आणि ‘आई’ म्हणत मंजुषाताईंच्या मांडीवर बसली. मुलाच्या आत्यानं विचारलं, ही कुणाची? ताई म्हणाल्या, माझी, फॉर्मात लिवलंय की सगळं. आत्यानं मोबाइल काढून मोठ्यानं वाचलं: प्रथम विवाह. मग म्हणाली, लपवायची होती तर नीट तरी लपवायची. आणलेला नारळ परत पिशवीत घातला. ताईंचे वडील धर्मराजकाका हात जोडत गाडीपर्यंत गेले. काच वर होती.
मी दुसऱ्यांदा पोहे मागितले नाहीत. परिस्थितीचं भान लागतं.

११ फेब्रुवारी, दु. १
मंजुषाताई केंद्रात आल्या, पोरीला घेऊन. मला सुरजभाऊ म्हणाल्या, म्हणजे राग नाही. म्हणाल्या, मी ते लिहून कावून दिलतं? चारचौघांत, हिच्यापुढं, तोंडानं सांगावं लागू नये म्हणून. आता माझ्यापुढं लिवा. त्या सांगत गेल्या, मी टाइप केलं: घटस्फोटित. मुलगी सोबत राहील.
पोरगी नुकतंच वाचायला शिकलीय. बोट लावून एकेक अक्षर जोडलं आणि विचारलं, म्हंजे काय?
ताई माझ्याकडं बघत म्हणाल्या, तुमीच सांगा.
मी राउटर बघायला उठलो. बराच वेळ बघितला. आलो तेव्हा दोघी गेल्या होत्या, आणि बंकटराव वेबसाइटचा पासवर्ड बदलत होते.
स्क्रीनवर मराठी मात्र एकदम स्वच्छ दिसत होतं.