आरशातला हात

११ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे! कॉलरॅडोचे डोंगर पिवळेधमक झालेत आणि आमचा सेकंडहँड ट्रेलर, पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर, उन्हात नव्यासारखा लखलखतोय. ट्रेलर मागे घेत जागेवर लावणं म्हणजे इथला फुकटचा तमाशा. सगळा कँप खुर्च्या टाकून बघायला बसतो. हार्लन पिकअप चालवतो, मी मागे उभी राहून हात हलवते. तो फक्त आरशातला माझा हात बघतो. हात दिसला नाही तर थांबायचं, हा आमचा नियम. शेजारचा मर्विन बिअरचा कॅन उंचावून म्हणाला, बाई, लग्नं कोर्टात मोडत नाहीत, इथंच मोडतात! हार्लन खो-खो हसला. जूनमध्ये आमच्या जोलीनला पुरलं, त्यानंतर पहिल्यांदाच. एकुलती एक पोर आमची.

मला मात्र काहीच वाटत नाही. डेंटिस्टने भूल दिल्यावर गाल बधिर होतो, तशी सबंध झालेय मी.

१३ ऑक्टोबर
नवा कँप, आणखी उंचावर. उतरल्या उतरल्या मी बाथरूमकडे पळाले. परत येते तर ट्रेलर जागेवर, अगदी सरळ. हार्लन खूश. म्हणाला, आज काय झकास हात दाखवलास म्हातारे, एका दमात बसला! मी म्हटलं, मी इथं नव्हतेच. तो म्हणाला, चल, थापा मारू नकोस. डब्यातली चिली, राजमा-खिम्याची, गरम केली, मक्याच्या ब्रेडबरोबर जेवलो.

१५ ऑक्टोबर
घाटात दरीकाठच्या मोकळ्या जागेत थांबलो. मी पुढे पिकअपच्या दाराशी वाकून चाकाला लावायचे ठोकळे काढत होते, तर हार्लन ट्रेलर मागे घेऊ लागला. मागे दरी. बाजूच्या आरशात मला मीच दिसले. ट्रेलरमागे, माझ्याच लाल कोटात, ये ये असा हात करत.

पुढे धावून बॉनेटवर दणादण हात मारले तेव्हा तो थांबला. चाक अगदी कडेला. तो ओरडला, की तूच बोलावतेस आणि तूच पुढे पळतेस? जोलीनपाठोपाठ आपणही जावं, असं आहे का तुझ्या मनात?

मी नाही म्हटलं. पण ठासून म्हणता आलं नाही.

१६ ऑक्टोबर
रात्री त्याच दरीकाठी राहिलो, बर्फ पडला. पुढचा रस्ता बंद. वळायचं तर ट्रेलर थोडा मागे घ्यावाच लागणार. हार्लन निवळलाय. म्हणाला, मागे नीट उभी राहा, राणी, आज फक्त तुझ्यावर भरवसा.

हातमोजे घ्यायला ट्रेलरमध्ये आले. पलंगावर बसले. उठवत नाहीये. राहू दे — हात दिसल्याशिवाय तो हलणार नाही.

इंजिन सुरू झालं.

ट्रेलर हलतोय. मागे.

मागच्या खिडकीबाहेर — मी. हात हलवतेय. ढसाढसा रडतेय ती. मला जूनपासून रडू आलेलं नाही —

हाक मारायला हवी. लिहीत काय बसलेय —

भीती वाटतेय. वाटतेय मला! हार्लन, मी आत आहे, थां