मंगळाचा धाकटा चंद्र आणि तुमची उडी

अहो वकीलसाहेब,

समोरासमोर बोलताना तुम्ही माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही. आता मधे बोलायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते. शिवाय आज सकाळी वाचनालयाचे चिटणीस येऊन गेले. काल तुमच्या शोकसभेत ठरलं म्हणे, तुमचं मंगळाच्या चंद्रांवरचं व्याख्यान पुस्तिका करून छापायचं. माझ्याकडे काय मागितलं? तुमचा फोटो!

ते व्याख्यान कोणी लिहिलं, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. आता मला एकटीला.

आठवतं? अंबडला गणेशोत्सवात बोलायचं होतं, आणि सरकारी परवानगीशिवाय सभेत तोंड उघडायची सोय नव्हती. इतिहास नको, शेतसारा नको. मीच म्हटलं, आकाशावर बोला. पुण्याच्या कॉलेजात शिकलेलं गणित लग्नापासून तसंच पडून होतं. चुलीवर डाळ शिजत ठेवून मी सगळं लिहून दिलं.

मंगळाचा धाकटा चंद्र इतका लहान, की वस्तू ओढून धरण्याचं बळ त्याच्यात नसल्यासारखंच. आपल्या पृथ्वीवरून कायमचं सुटायला तोफेच्या गोळ्याचाही वेग अपुरा. तिथे मात्र गोफण पुरे. शहागडला माहेरी ज्वारीवरची पाखरं उडवायला मी फिरवायची, तीच. दगड सुटला की गेला. परत येणार नाही. हे वाचून तुम्ही हळूच म्हणालात, "कसं गं सुचलं तुला?" एवढंच लोकांसमोर म्हणाला असतात तर!

मग तुम्ही परवानगीला गेलात. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी विचारलं, "वहाँ हुकूमत किसकी है?" तुम्ही म्हणालात, "हुजूर, वहाँ कोई टिकता ही नहीं. कूदा कि गायब!" ते हसले, सही झाली. आणि तुमची ती थाप माझ्या व्याख्यानात शिरली.

व्याख्यानाच्या दिवशी अंबडच्या मांडवात मी बायकांच्या बाजूला बसले होते. मागून कोणीतरी ओरडलं, "वकीलसाहेब, मंग म्या उडी मारली तर?"

"गेलास तू! बायको वाट पाहून राह्यली, तू काही येत न्हाईस!"

काय त्या टाळ्या!

घरी मी सांगितलं, हे चूक आहे. गोफणीच्या दगडाला जो वेग मिळतो तो माणसाच्या पायांना कुठला? तो उभ्या जागेवरून उडेल, कोसभर वर जाईल, बराच वेळ तरंगेल, पण खाली येईल. तुम्ही टोपी खुंटीला अडकवत म्हणालात, "अगं, दगडाला कोण टाळ्या देतं? लोकांना उडी पाहिजे. बिलकुल बदलायचं न्हाई."

पुढे वडीगोद्री झालं, जाफराबाद झालं. सगळीकडे तो माणूस उडाला आणि परत आला नाही. लोक तुम्हाला 'चंद्रवाले वकील' म्हणू लागले. मी दर व्याख्यानाला तुमचं धोतर धुऊन घडी घालून दिलं.

आणि काल अध्यक्ष काय म्हणाले, ऐका. "वकीलसाहेबांनी जणू त्या चंद्रावरून उडी घेतली. आता ते परत यायचे नाहीत." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला संताप आला. तुमच्या मरणावरसुद्धा ते चुकीचं गणित!

चिटणीसांना मी सरळ सांगितलं, "फोटो देते. व्याख्यान मी लिहिलंय. त्यातली चूक दुरुस्त करून देते, वर माझं नाव घाला."

ते गडबडले. "बाई, दुःखाचे दिवस आहेत, काय बोलता हे? साहेबांचं नाव खराब होईल."

तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून माझं कधी निघूच नये! हा कुठला न्याय, वकीलसाहेब? तुम्हीच सांगा. नाही, राहू द्या, तुम्ही टाळ्यांचंच सांगाल.

तर फोटो त्यांना मिळणार नाही. येत्या गणेशोत्सवात त्याच मांडवात मी उभी राहीन. परवानगी मी मागेन. विधवेने असं पुढे येऊ नये म्हणतील, म्हणू देत. तुमचा फोटो टेबलावर ठेवीन, त्याला हारही घालीन. मग गोफणीचा दगड जाऊ देईन. आणि तुम्ही गावोगाव उडवलेला तो माणूस, सगळ्यांच्या देखत, खाली आणून उभा करीन. हा माझा शब्द.

व्याख्यान लिहिणारी,
द्वारका