विहिरीवरची शाळा आणि कडुनिंबावरचे गुरुजी

तीर्थस्वरूप बसवराज दाजींना श्रीशैलचे शरणु शरणार्थी. इकडे आम्ही सगळे खुशाल. आपला गुडघा कसा आहे? गरम तेल चोळत जा, आणि निदान हा आठवडा तरी चिखलात जाऊ नका.

दाजी, लई आनंदाची बातमी आहे. माझ्या चौथीतली पुनम बोलली! दोन वर्षं जिनं हजेरीलासुद्धा नुसता हात वर केला, ती पोरगी आता मोठ्यानं धडा वाचते. (याच आनंदात मला कारणे दाखवा नोटीसही आली आहे. तीन दिवसांत खुलासा मागितलाय. ते ओघात येईलच.)

झालं असं, की मला मोबाइलवर वाचनाचं एक ॲप सापडलं. लेकरानं वाचायचं, ॲपनं ऐकायचं, नीट वाचलं की चांदणी द्यायची आणि "शाब्बास!" म्हणून ओरडायचं. अडखळलं तर रागवत नाही, पुन्हा वाच म्हणतं. (हा संयम मला बावीस वर्षांच्या नोकरीत जमला नाही.) पण फोन आणायचे कुठून? गावात घरटी एकच चांगला फोन, आणि तो सकाळीच बापाच्या खिशातून शेतात जातो. पालकसभेत मागितले, तर शेषेराव म्हणाले, "गुरुजी, फोन तुमाला दिला तर मी विहिरीची मोटार कशानं चालू करू?" खुरपणीचे दिवस, त्यांचंही खरंच होतं. मग म्हटलं, फोन शाळेत येत नाही ना, शाळाच फोनकडं नेऊ. कुलूप लावलं, दारावर खडूनं लिहिलं, 'शाळा शेषेरावांच्या विहिरीवर आहे', आणि एकवीस लेकरं घेऊन निघालो.

काय बहार आली म्हणून सांगू! पाच बापांचे पाच फोन. चार फोनांभोवती पाच-पाच लेकरं, पाचव्यापाशी बांधाआड एकटी पुनम. रेंज तेवढी नव्हती. ती सापडली कडुनिंबाच्या तिसऱ्या फांदीवर. म्हणून माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून मी वर बसलो आणि वरूनच शिकवू लागलो. पुनमला धाक होता तो पोरं हसतील याचा. फोन हसत नाही हे तिच्या ध्यानात आलं. आधी पुटपुटली, मग एक शब्द, मग आख्खं वाक्य! फोन "शाब्बास!" ओरडला, तशी शेषेरावांची देवणी गाय दावं तोडून सोयाबीनमध्ये. गाईमागं शेषेराव, शेषेरावांमागं पोरं, आणि मी झाडावर. (उतरलो असतो तर पुनमची चांदणी गेली असती.)

नेमके तेव्हाच तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. (नाव घेत नाही.) कुलूप पाहून काळ्या रानातून चालत आले, त्यात त्यांचा एक बूट चिखलात राहिला. माणूस मनानं चांगला, पण रागावला की समोरच्याचं ऐकून घेत नाही, असं त्यांच्या घरचेही सांगतात. खालून ओरडले, "गुरुजी कुठं हायेत?" मी वरून म्हणालो, "वर्गातच हाय, साहेब." गाईमागची पोरं सोयाबीनमध्येच थबकली. एकटी पुनम वाचत राहिली. साहेब तिच्याकडं न बघताच माघारी गेले.

नोटिशीत लिहिलंय, शाळेच्या वेळेत शाळा बंद, शिक्षक झाडावर. दोन्ही खरं आहे. पण पुनम वाचत होती हे लिहायचं राहिलं. खुलासा पटला नाही तर विहिरीवरचा वर्ग बंद होणार. मला शिक्षा झाली तर होऊ द्या, दाजी, पण ती पोरगी पुन्हा मुकी झालेली मला बघवणार नाही.

मंजुश्रीअक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला धाकटा मेव्हणा,
श्रीशैल

ता. क. हे फोनवरच सांगणार होतो. पण परवापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही.

ता. क. दुसरा : दाजी, नोटिशीखालची सही तुमची आहे. हाच माझा खुलासा समजून आवक क्रमांक टाकावा. (स्वभावाबद्दलचं वाक्य आधी खोडावं.)

ता. क. तिसरा : अक्काला अजून काही सांगितलेलं नाही. गुरुवारी पुन्हा तपासणीला या. काल पुनम आपणहून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "गुरुजी, त्या सायबाला मी परत वाचून दाखवू का? त्यांनी ऐकलंच न्हाई."