लेखक जेवला का?

बाबा, तुम्हाला हसू येईल, पण तुमची पोट्टी आठवणींचं पुस्तक लिहायला बसली आहे. इथं पिपरी मेघेत आम्ही कॉलनीतल्या बाया दर महिन्याला एक पुस्तक वाचतो, इतिहास नाहीतर आत्मचरित्र. कोणतं घ्यावं ते मलाच विचारतात, कारण माझ्याजवळ पुस्तकं पारखायची तुमची चाळणी आहे. आता म्हणतात, दुसऱ्यांची पुरे झाली, तुमचं लिहा. पहिलं प्रकरण झालं आहे आणि एकच धाकधूक आहे, की तुमच्या फळीवर ते बसलं असतं का?

आर्वीच्या आपल्या कापडदुकानातली ती सगळ्यात वरची फळी. खाली लट्ठा, मांजरपाट, लुगडी, आणि वर पुस्तकं. कापूस विकून आलेला माणूस धोतरजोडी घ्यायचा आणि तुम्ही त्याच्या तोंडाकडे पाहून वरून एखादं पुस्तक काढायचे. "वाचून पाहा. खरं घडलेलं हाय." पुढच्या बाजाराला तो ते परत आणायचा, चहा यायचा, आणि तुमचा प्रश्न ठरलेला, "लेखक जेवला का?" नवखा माणूस गोंधळायचा, मग तर तुम्ही रंगातच यायचे. "सभा झाली, जेल झाली, सारं झालं. पन याच्या पोटात भाकर कोनं घातली, ते लिहिलं का कुठी? फौज निघाली म्हनते, मंग रांधलं कोनं?" ज्या पुस्तकात रांधणारं माणूस सापडायचं नाही ते फळीवर चढायचं नाही, लेखक केवढाही मोठा असो. मला हा निव्वळ आचरटपणा वाटायचा. मी वर्ध्याला कॉलेजात इतिहास शिकत होते ना, शिंगं फुटली होती.

आणि तो दिवस! कापसाचा हंगाम, दुकान भरलेलं, आणि माझ्या शाळेचे रिटायर झालेले हेडमास्तर स्वतः छापलेलं आत्मचरित्र घेऊन येतात. चहा येतो. तुम्ही गादीवर बसून पानं उलटता, आणि मी मनात म्हणते, बाबा, आजच्या दिवस तरी गप्प राहा हो.

"गुरुजी, बाई कुठी हाय यात?"

"आहे ना. तिसऱ्या प्रकरणात लग्न झालं."

"अन् मंग? लग्न झालं अन् गायबच झाली बाप्पा!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. गुरुजी लालबुंद होऊन निघून गेले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काही दिवसांनी तेच पुस्तक घेऊन ते परत आले, मधे हातानं लिहिलेले कागद शिवलेले. "विचारलं तिले," ते म्हणाले. "वाटलं दोन ओळीत होईल. पन ते तं थांबूनच नाई राह्यली!" तुम्ही उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं आणि फळीवर ठेवलं. गुरुजी असे खुलले, जसा काही पहिला नंबर आला. त्या दिवसापासून मी तुमच्या चाळणीला हसले नाही.

आता हे पत्र मोठ्यानं वाचून पाहिलं. दुकान आहे, फळी आहे, तुम्ही तर ओळीओळीत आहात. आणि चहा सारखा येतो आहे. यायचा, येतो, जसा काही स्वतःच्या पायानं चालत यायचा! दुकानाच्या मागच्या पडद्याआडून कप पुढे करणारा हात मी लिहिलाच नाही. माझ्या पहिल्या प्रकरणातही नाही. आणि तुम्ही तरी, बाबा? अख्ख्या आर्वीला विचारलं, पडद्यामागं कधी विचारलं का?

तुम्ही गेल्यापासून आई इथंच आहे, माझ्याजवळ. अजून तुरीच्या शेंगा सोलते, अजून ओरडते. आत्ताच दारात येऊन म्हणाली, "काऊन वं, कवाची काय लिहून राह्यली?"

"बाबाले पत्र."

"माय वं! त्यायले कायले? दुकानाचं मले पूस ना."

म्हणून हे इथंच थांबवते. चहा आज मी टाकते, तिला समोर बसवते आणि पहिला प्रश्न तुमचाच विचारते. कारण दिवसभर दुकान चालू असायचं तेव्हा आई जेवायची केव्हा, हे मला माहीत नाही.