छातीभर उंचीची तुळई

३ मार्च
वीतभर उंचीच्या बाराही तुळया आज फोडल्या. सगळ्यांनी हिशेबापेक्षा जास्त भार घेतला. दादा खूश! नव्या वाचनालयाचं डिझाइन त्याचं, चाचण्या माझ्या प्रयोगशाळेत. "झालं, कर अहवालावर सही," म्हणाला.
केली नाही.

४ मार्च
का नाही, ते इथे तरी लिहिते. वाचनालयातली खरी तुळई माझ्या छातीला लागेल एवढी उंच. काँक्रीट तेच, सळया त्याच प्रमाणात — पण वस्तू मोठी, की तडा सुटल्यावर त्याला रेटणारा जोरही मोठा. लहान तुकड्याने सोसलेला ताण मोठा सोसेलच असं नाही. त्यात दादाने तडा अडवणाऱ्या लोखंडी रिंगा घातलेल्याच नाहीत.
"अगं, शितावरून भाताची परीक्षा!"
"भाताला तडा जात नाही, दादा."
त्याने फोन आपटला.

१० मार्च
खऱ्या मापाची तुळई ओतायला प्रयोगशाळेच्या साहेबांनी परवानगी दिली. ओतलीही! वहिनी म्हणाली, "तुझ्या दादाचा घरात अबोला आहे. माझा काय गं दोष?"

१३ एप्रिल
महिना झाला, काँक्रीट पक्कं. आज फोडली. यंत्रावर चढवायला क्रेन लागली. यंत्रावरचे काका भाराचे आकडे ओरडून सांगत होते. दादा हाताची घडी घालून कोपऱ्यात. एक तिरका तडा दिसला, आणि — धाडकन! लहान तुळयांनी सोसलेल्या ताणाच्या जेमतेम निम्म्यावर!
काका म्हणाले, "ताई, नाव मोठं, लक्षण खोटं!" सगळे हसले. दादा सोडून.
मला मात्र — खोटं कशाला लिहू — ऊर भरून आला. एकोणीस वर्षं ही फोडाफोडी करतेय. आज वाटलं, सार्थक झालं.

१४ एप्रिल
दादाने नवे नकाशे पाठवले. रिंगा घातल्यात.

१६ एप्रिल
दादा सकाळीच दारात. कपडे धुळीने भरलेले.
"ते कॉलेजचं सभागृह — माझं पहिलं काम. तिथल्या तुळयाही एवढ्याच उंच. रिंगांशिवाय. काल बंद करायला लावलं. टेकू लावून घेतले. चूक माझी आहे, असं लेखी देऊन आलो."
कुणी विचारलं नव्हतं त्याला. कुणाला कळलंही नसतं.
"आठशे मुलं बसतात गं तिथे," एवढंच म्हणाला.
असा भाऊ आहे माझा.